जिवंत अळ्या

जालना, ऑक्टोबर २००८

प्रिय भुजंगमामा,

मी घरातली पहिली पदवीधर, त्यात बियाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. म्हणून माझ्या शब्दावर गावानं बीटी कापूस लावला. तुम्ही तर सगळ्यांना सांगता, “आमची उज्ज्वला म्हणती, बोंड खाल्लं की अळी मरती. फवारणीचा खर्चा कशाला करून राह्यले?”

तुमच्याच शेतातल्या अळ्या मी इथं बीटी बोंडांवर सोडल्या होत्या. त्या मरायला हव्या होत्या. आज सगळ्या जिवंत आहेत, चांगल्या पोसल्यात. साहेब म्हणाले, “नोकरी पायजे ना मॅडम? मंग बाहेर बोलायचं न्हाई.”

पत्र पोचेपर्यंत शिवार पोखरलं जाईल. म्हणून हे टाकत नाही, सकाळच्या गाडीनं स्वतःच येते. नोकरी जाईल. पण मामा, तुम्ही माझं ऐकाल, की पोरगी घाबरली म्हणून हसाल?

तुमची भाची,
उज्ज्वला