फेलिक्सची करंगळी

रोहा,
दि. ५ जानेवारी १९९६

ती. पुंडलिकदादास,
धाकट्या मामेभावाचा, म्हणजे जगनचा, सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत. आत्याचा गुडघा कसा आहे ते कळव. आता खरी बातमी सांगतो. हातात रंगाचा डबा असेल तर आधी खाली ठेव. ब्लॅक लँटर्न बँड रोह्याला येतोय. २७ तारखेला, शनिवारी, नदीकडच्या मैदानात. वाजवून वाजवून म्हातारे झाले बिचारे, आता हा त्यांचा निरोपाचा दौरा. फेलिक्स स्वतः गिटार घेऊन येणार आहे.

तिकिटांचे भाव ऐकून वहिनी तुला घराबाहेर काढेल. पुढच्या खुर्च्या दीडशे, मागच्या पंच्याहत्तर, त्यांच्या मागे जमिनीवरची बैठक वीस रुपये. सगळ्यांत पुढे सोफे, ते विकत मिळत नाहीत. आमच्या कंपनीने जाहिरात दिली म्हणून तिला काही पास मिळाले. चिठ्ठ्या टाकल्या आणि एक माझ्या नावाने निघाला. म्हणजे मी फेलिक्सच्या अगदी समोर.

भाग्यश्री म्हणते, तुम्हाला गाण्यातलं काय कळतं, पास पुंडलिकभावजींना द्या. देणार नाही. लहानपणी रेडिओला कान लावून तू बसायचास आणि मला दाराशी बसवायचास. एकदा तरी मला तुझ्यापुढे बसायचंय. खाली मैदानाचा नकाशा काढलाय. देवळाच्या अंगाला स्टेज, त्यासमोर सोफे, मग खुर्च्या, आणि शेवटी नदीच्या अंगाला बैठक. तुझ्यासाठी मागची खुर्ची काढू का ते लगेच लिही.

वहिनींना नमस्कार, आणि माझ्यावरची माया सोफ्यामुळे कमी करू नकोस.

तुझा,
जगन


जोहे, ता. पेण,
दि. ११ जानेवारी १९९६

चि. जगन यास,
पुंडलिकदादाचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचून आनंद झाला असं लिहायची रीत आहे, पण झाला नाही. तुझं पत्र आल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. कारखान्यात माघी गणपतींची घाई चाललीय आणि मला सोंड रंगवताना तुझा सोफा दिसतोय. आई म्हणते, नाय जायाचं तर नको जाऊ, पन थोबाड वाकडं करून देवाला रंग नको लावू.

ब्लॅक लँटर्न तुला ऐकवला कुणी? मी. कॅसेट घासून घासून संपवली ती मी. पेणला जुनी गिटार घेतली आणि बोटं सोलून घेतली तीही मीच. त्यांची ती ‘भोंगा’ नावाची धून तुला आठवते का? मध्येच गिटार बोटीच्या भोंग्यासारखी एका सुरातून दुसऱ्यात घसरत जाते, कुठेही न तुटता. इतकी वर्षं झाली, मला ते जमलेलं नाही. बोट सरकवलं की गिटारच्या दांडीवरच्या पट्ट्या आड येतात आणि सूर तुटतो. गिटार मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडी फिरवली तर तसा सूर निघतो हे मला माहीत आहे. पण फेलिक्स उभ्याने वाजवतो, फोटोत पाहिलंय. मला फक्त एकदा त्याचा डावा हात बघायचाय. आणि त्या हातासमोर बसणार कोण, तर ज्याला तबला आणि ढोलकी वेगळी ओळखता येत नाही तो.

खुर्ची नको. बैठकीचंच तिकीट काढून पाठव. तुझा नकाशा मी नीट पाहिला. दर वर्षी रोह्याला मूर्ती पोचवायला येतो, ते मैदान माझ्या ओळखीचं आहे. तू सोफ्यावर सुखाने बस.

सौ. भाग्यश्रीला आशीर्वाद. तिला अक्कल आहे. तुझ्यावर लोभ आहे, सध्या थोडा कमी.

तुझा,
पुंडलिकदादा


रोहा,
दि. ३० जानेवारी १९९६

ती. पुंडलिकदादास,
सा. न. वि. वि. (नमस्कार रीत म्हणून, मनापासून नाही.)

रागात लिहितोय, अक्षर वाकडं येईल. कार्यक्रम सुटल्यावर मला न भेटता तू टेम्पोत बसून निघून गेलास, म्हणून हे कागदावर.

दुपारी देवळातली म्हातारी मंडळी येऊन उभी राहिली. म्हणाली, या मैदानात देवाला पाठ दाखवून आजवर कोन नाचला-गायला नाय, तुमी पन नाय. मुंबईच्या मांडववाल्यांनी हातापाया पडून पाहिलं. शेवटी स्टेज उतरवून नदीच्या अंगाला, देवळाकडे तोंड करून बांधलं. सोफे उचलायला वेळ नव्हता. जागच्या जागी फिरवले. झालं, पहिली रांग शेवटची झाली. आमच्या पुढे खुर्च्या, खुर्च्यांपुढे बैठक, आणि बैठकीच्याही पुढे, सकाळीच येऊन गोणपाट पसरून बसलेला तू.

देवाचं तोंड कुठे असतं हेच जन्मभर बघणाऱ्या माणसाला नकाशातली चूक दिसली नाही, हे मी मानणार नाही. तुला दिसली आणि तू गप्प बसलास.

मी सोफ्यावर उभा राहून पाहिलं. फेलिक्सला टक्कल पडलंय. ‘भोंगा’ वाजवताना त्याने करंगळीत लांबलचक चांदीची अंगठी घातली होती. दिव्यात नुसती चमकत होती आणि तो ती तारांवर घासत होता. या वयात काय ही नटायची हौस. तू तर समोरच होतास, तुला सगळं दिसलं असेल. तुझा इतका हेवा वाटला की शेवटचं गाणं माझ्या कानात शिरलंच नाही.

आत्याला नमस्कार. तुझ्यावरच्या लोभाचं नंतर बघू.

जगन


जोहे, ता. पेण,
दि. ६ फेब्रुवारी १९९६

चि. जगन यास,
आशीर्वाद, घेशील तर.

तू म्हणतोस ते खरं आहे. नकाशा पाहिला तेव्हाच कळलं होतं. तू पुढे बसणार हे मला सोसवत नव्हतं, म्हणून बोललो नाही.

आता पोटभर हसून घे. स्टेज पिंपांवर बांधलेलं, माझ्या डोक्याच्याही वर, आणि माझ्यासमोर लाऊडस्पीकरची पेटी. मला फेलिक्सचे बूट दिसले, कधीमधी गुडघे. उठायला गेलो की मागचे लोक सदरा धरून खाली बसवायचे. आख्खा ‘भोंगा’ मी पेटीच्या जाळीकडे बघत ऐकला. कुठल्या तोंडाने तुला भेटणार होतो?

तुझं पत्र काल आलं. करंगळीचं वाचलं आणि तसाच उठलो. ती अंगठी नव्हे रे, नळी होती. रंगाच्या स्प्रे गनच्या जुन्या पाइपाचा तुकडा कापला, कानशीने घासला, करंगळीत घातला, आणि तार न दाबता नुसता टेकवून सरकवला. सूर तुटला नाही. आई बाहेरून म्हणाली, धरमतरला बोट लागली वाटतं.

आधी मी रडलो आणि मग तुझा राग आला. मी जे बघण्यासाठी इतकी वर्षं थांबलो ते तू पाहिलंस, आणि वर त्याला नटणं म्हणालास. हा हेवा जायचा नाही. तू मनावर घेऊ नकोस, पण तो राहणार.

रविवारी भाग्यश्रीला घेऊन ये. कारखान्यात खुर्ची एकच आहे, ती वाजवणाऱ्याला लागेल. तुझ्यासाठी गोणपाट झटकून ठेवलंय, दाराशी नाही, माझ्या डाव्या हाताला. तिथून करंगळी नीट दिसते.

लोभ ठेव, रागासकट चालेल.

तुझा,
पुंडलिकदादा