मनाईच्या फलकावर तुमचं नाव

प्रिय धोंडूभाऊ,

पोलादपूरच्या वर, आमच्या पडीक उतारावर तुमच्या नावाचा फलक लागला आणि त्याखाली लिहिलं, ‘गुरे चारण्यास सक्त मनाई’. म्हणून लिहिते.

लावणारा माझाच भाऊ, विलास. तुम्ही गेल्यावर मुंबईहून आला आणि चहूबाजूंनी काटेरी तार ठोकली. म्हणे, “ताई, आयुष्यभर त्यांनी हा डोंगर राखला. त्यांच्या आठवणीत आता आपण फुलं राखू!” अहो, तुम्ही तो गाई चारून राखलात! एवढं कळू नये?

मला तरी कुठे कळलं होतं? वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, आणि पहिल्याच वर्षी तुमच्या गाई काठी घेऊन हुसकावल्या. नाचणी बंद पडल्यापासून तिथे कमरेएवढं कुसळी गवत माजलेलं. त्याखाली दुसरं काही उगवेना. गडी लावून कापलं. पुढच्या पावसात पुन्हा तेवढंच. तुम्ही बांधावर बसून हसत होतात. “गवताला दात लागतात गो बाय. तुजा कोयता नाय पुरायचा.”

मग मीच हार मानली आणि गाई पुन्हा आल्या. कोवळं गवत खायच्या. श्रावणात कळ्या दिसल्या की तुम्ही त्यांना खाली न्यायचात, बी झडल्यावर पुन्हा वर. तिसऱ्या वर्षी फोडशी आली, भारंगी आली, सोनकीने उतार पिवळा झाला.

हे विलासला का नाही सांगितलंत? मालक दिसला की टोपी काढून गप्प! कसली ही रीत? त्याला वाटलं, फुलं आपोआप आली.

परवा तुमची सून सुनंदा महाडला माझ्याकडे आली. “बाई, गाया तारेपाशी जाऊन उभ्या ऱ्हातात. हे म्हनतात, चारायचं कुठं? रविवारी दलाल येतोय, इकून टाकू.” गाई गेल्या की दोन पावसांत पुन्हा नुसतं कुसळी!

विलासला फोनवर काय काय बोलले ते सांगत नाही. तुम्ही पुन्हा टोपी काढली असती.

“अगं, मी मान दिला त्यांना!”

“त्यांच्याच गाईंना बाहेर काढून?”

शनिवारी तो आला. फलक त्यानेच उपटला.

शब्द देते: मी आहे तोवर त्या उतारावर गाई चरतील. कधी वर न्यायच्या, कधी खाली, हे सुनंदा ठरवेल. विलास नाही, मीही नाही.

अजून रागातच असलेली,
शोभा

पोच: शनिवारी सुनंदाच्या हाती दिलं ते असं. विलासच्या सहीचं चराईचं संमतीपत्र, एक. तार कापायची पक्कड, एक. संमतीपत्र तिने कमरेला खोचलं आणि पक्कड तिथेच वापरायला घेतली.