अक्का, तुझा खुलासा अजून आलेला नाही

प्रिय अक्का,

साष्टांग नमस्कार. तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार आहे, आणि ती नोंदवायला दुसरं कार्यालय सापडत नसल्यामुळे थेट तुलाच लिहितो आहे. तुझा फोन शिट्टी मारतो. आज सकाळी संध्येला बसलो होतो. पळी हातात, आचमन अर्धवट, आणि ही शिट्टी! पन्नाशीच्या सभ्य माणसाच्या देवघरातून असा आवाज आला की शेजारी काय समजतील, याचा विचार तू करायला हवा होतास.

फोन बंद करता येत नाही. बँक, गॅस, तुझ्या पेन्शनचे कागद, सगळं त्याच नंबरला जोडलेलं. तुझ्या लेकीला, प्राजूला, तो जवळ ठेवायचा धीर होईना म्हणून तिने तो मामाच्या स्वाधीन केला. मी पळी ठेवून पाहिलं. तुझ्या केंद्रातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर आदेश आला होता: पुढील शाळांची माहिती वारंवार सूचना देऊनही अप्राप्त, संबंधितांनी आज सायंकाळपर्यंत लेखी खुलासा सादर करावा. यादी जुनी असावी, कारण त्यात तुझं नाव होतं.

मी नम्रपणे कळवलं, ‘संबंधित बाई उन्हाळ्यात निवर्तल्या आहेत.’ लगेच उत्तर आलं, ‘तसे लेखी कळवावे.’ खाली सगळ्यांनी हात जोडले. ते तुला होते की आदेशाला, कळायला मार्ग नाही. हयातीत एक माहिती थकवली नाहीस आणि मेल्यावर इतकी बेफिकीर झालीस? म्हटलं, तुझा खुलासा आपणच लिहावा. म्हणून हे पत्र.

तुला आठवतं, तू सुट्टीत नगरला आलीस की आमच्या गल्लीतले तात्या मुद्दाम तुला गाठायचे? "काय बाई, जिल्हा परिषदेची नोकरी म्हणजे मज्जा! पगार रग्गड आणि निम्मं वर्ष सुट्टी." मी हायस्कुलात संस्कृत शिकवतो, म्हणजे माझी तर त्याहून मज्जा, पण माझ्याशी वाद घातला तर मी व्याकरण काढतो म्हणून ते तुझ्या वाटेला जात. आणि तू शांतपणे म्हणायचीस, "खरं आहे तात्या. शिकवण्याच्या मानाने पगार पुष्कळ आहे. शिकवू देत नाहीत, त्याचे वेगळे द्या म्हणावं."

तात्या हसायचे. त्यांना वाटायचं तू थट्टा करतेस. मतदारयादी घेऊन तू घरोघर फिरायचीस, संडास मोजायचीस, झाडाबरोबर फोटो काढून झाड जिवंत असल्याचं सिद्ध करायचीस. खिचडी मुलांच्या आधी तू चाखायचीस, मग पित्तावर गोळी घ्यायचीस. यातून उरलेल्या वेळात बाराखडी. मी म्हणायचो, अक्का, पाणिनीने धातूंची दोन पदं सांगितली, दुसऱ्यासाठी ते परस्मैपद आणि स्वतःसाठी ते आत्मनेपद. तुझी नोकरी सगळी परस्मैपदी आहे. तू म्हणायचीस, "पंडित, चहा गार होतोय."

आणि तुझे ते नारळ! कुठल्या योजनेत बसत होते ते?

दिवाळी झाली की तुझ्या वस्तीवरच्या टोळ्या ऊसतोडीला निघायच्या. नवराबायको मिळून एक कोयता, आणि कोयत्यामागे पोरंही ट्रॉलीत. वर्ग निम्मा रिकामा. म्हणून निघायच्या दिवशी तू पिशवीभर नारळ, खण आणि गहू घेऊन ट्रॅक्टरपाशी उभी राहायचीस आणि जाणाऱ्या प्रत्येक बाईची ओटी भरायचीस. तू, जिची ओटी भाऊजी गेल्यापासून कुणी भरली नव्हती! आणि ओटी भरून झाली की तिचा हात सोडायचीच नाहीस. "आता माझी भर. मला नारळ नको. पोरगी घाल." ओटी घेतलेली बाई नाही कशी म्हणणार? पोर आजीपाशी राहायचं, शाळेत यायचं. मी खर्चाचं विचारलं तर म्हणालीस, "एका नारळात एक पोरगी वर्षभर शाळेत बसते. इतकं स्वस्त काय मिळतं रे बाजारात?"

इथे माझं तुझ्याशी भांडण आहे, अक्का. तू नारळ स्वतःच्या पिशवीतून नेलेस, म्हणून ते काम आहे हे कुणाला कळलंच नाही. काम दिसलं नाही की त्याचं मोल कोण ठरवणार? तुझ्या चांगुलपणाने पुढच्या शिक्षकांची पंचाईत करून ठेवली आहे. विशेषतः एका शिक्षिकेची.

प्राजूची शिक्षिका म्हणून निवड झाली तेव्हा तू पेढे वाटलेस. पुढचं तुला ठाऊक नाही. शाळा निवडायची वेळ आली तेव्हा तिने तुझीच शाळा मागितली. दुसऱ्या कुणी मागितली नव्हतीच, लगेच मिळाली! पहिली तीन वर्षं पगार नाही, शिक्षणसेवकाचं मानधन. काम मात्र तुझ्याइतकंच, वर नवीन आहे म्हणून लोकांनी टाळलेलंही. खोलीभाडं आणि स्कूटीचं पेट्रोल गेलं की जे उरतं ते सांगण्यासारखं नाही, म्हणून ती सांगत नाही. तशात पूर्वी दिलेल्या एका परीक्षेतून नगरच्या बँकेत तिची निवड झाली. दुप्पट पगार, घरचं जेवण, रविवारी रविवार. उद्या सोमवारी हजर व्हायचं होतं. "मामा, काय करू?" म्हणाली. मी म्हणालो, विचार करू. म्हणजे विचार तिने करायचा आणि मी मान डोलवायची.

काल टोळी निघाली. नारळ स्कूटीवर मावेनात म्हणून माझी गाडी मागवली. पाथर्डीच्या पुढे रस्त्याने माझ्या मणक्यांची नव्याने संधी केली, ते असो. प्राजूने ताट घेतलं आणि एक म्हातारी कडाडली, "आगं, कुवार पोरीनं ओटी भरायची अस्ती व्हय?"

"हिच्या आईनं भरली तवा कुटं शास्तर इचारलं हुतं?" दुसरी म्हणाली. "तवा गप नारळ घेतला की!"

"त्ये मामा बसल्यात बघा गाडीत. संस्कृत शिकल्यात म्हनं. इचारा त्यान्ला."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. सगळी शास्त्रं कालच वाचून संपवली असावीत अशा चेहऱ्याने मी म्हणालो, "शास्त्रात याला कुठेही मनाई नाही." खरं-खोटं तिकडे तूच कुणाला तरी विचारून घे.

शेवंता आठवते ना, गौरीची आई? ट्रॉलीत चढली होती, ती खाली उतरली. मुकादम ओरडत होता, "आवरा गं! कोल्हारचा कारखाना काय बांधाला हाय व्हय?" प्राजूने ओटी भरली, हात धरला आणि हुबेहूब तुझ्या आवाजात म्हणाली, "आता माझी भरा, वहिनी."

शेवंताने गौरीला पुढे केलं नाही. म्हणाली, "बाई, तुमच्या आईला म्या काई न इचारता पोरगी दिली. तुमाला इचारते. नवं मास्तर येत्यात अन् निगून जात्यात. आमी चैतात येनार. तवर तुमी ऱ्हाताय का? तुमी मदीच गेला तर म्हातारी हिला शेळ्यांमागं लावंल. त्यापरास माज्यासंगं उसाच्या फडात असंल तर डोळ्याम्होरं तरी ऱ्हाईल."

प्राजूच्या पिशवीत बँकेचा कागद होता, मला माहीत होतं. मी दुसरीकडे पाहिलं. शाळेच्या भिंतीवर तुझ्या हातचा सुविचार अजून आहे, र्‍हस्व-दीर्घासह बरोबर. तोच वाचत बसलो.

"हाय मी," प्राजू म्हणाली. "तुम्ही येईस्तोवर हाय."

शेवंताने गौरीचा हात प्राजूच्या ओढणीत ठेवला. ट्रॅक्टर हलला. पोरगी रडली नाही, आई दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिली आणि मग म्हणाली, "बाई, उद्या रविवार हाय का?"

परतताना प्राजू म्हणाली, "मामा, तुझं न बोलणंसुद्धा समासासारखं असतं. लांबलचक. सोमवारी मी बँकेत जात नाहीये."

"मी काही म्हणालो का?"

"नाही. म्हणून तर सांगतेय."

मला आनंद झाला की राग आला, ते आज दिवसभर ठरवतो आहे. गौरीसाठी आनंद झाला. पण एका पोरीला शाळेत ठेवायला दुसऱ्या पोरीने आपला पगार सोडायचा, ही कुठली रीत, अक्का? तात्यांना हे कोण सांगणार? तू असतीस तर हसून चहा गार होतोय म्हणाली असतीस. मला हसता येत नाही.

म्हणून तुला दोन वचनं देतो. पुढच्या वर्षीचे नारळ मी आणणार. आणि नुसते आणणार नाही. आमच्या शिक्षकांच्या सभेत उभा राहून विचारणार, की हे काम कोणाचं आणि याचा मोबदला कुठे. तू कधी विचारलं नाहीस. मी संस्कृतात विचारीन, म्हणजे निदान दचकून तरी ऐकतील.

दुसरं वचन उद्याचं आहे. काल गाडीत प्राजूला ताप होता. आठवडाभर येतो-जातो आहे म्हणाली. मी म्हणालो, वाटेत डॉक्टरांना दाखवू. ती म्हणाली, "चाचणीचे गुण भरून झाले की जाते, मामा."

अक्का, हे तुझं वाक्य आहे. उन्हाळ्यात छातीवर हात दाबून तू हेच म्हणाली होतीस, वार्षिक परीक्षेचे गुण भरून झाले की जाते. गुण तू वेळेत भरलेस.

उद्या सकाळी मी तिला धरून दवाखान्यात नेणार. गुण राहिले तर राहिले, तिचा खुलासा मी लिहीन. ती तुझ्यासारखी शिकवते, याचा मला अभिमान आहे. पण ती तुझ्यासारखीच जाईल की काय, याची मला भीती वाटते. फार वाटते.

तुझाच धाकटा,
पंडित