आम्हा सगळ्यांना बोट लागते

३ जानेवारी, शनिवार. सकाळ.

गेल्या वर्षी अशीच एक सकाळ होती. दूध तापत होतं, बादलीत चादरी भिजत होत्या, मी केर काढत होते आणि हे नेमके केर काढायच्या जागेवर उभे राहून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते. पाय उचला म्हटलं, तर एकच उचलला. कॅलेंडरवर समुद्राचा फोटो होता. रिसॉर्ट, धक्का आणि पुढे पाण्यात एक बेट. म्हणाले, ह्या बेटाला मागची बाजू असेल ना गं. म्हटलं, सगळ्यांनाच असते, सरका. म्हणाले, एकदा अख्खी बोट करू आणि मागून बघून येऊ. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि विषय तिथेच राहिला.

हे जाऊन दहा महिने झाले. केर काढताना मी अजून त्या जागेला वळसा घालते. सवय आहे, बाकी काही नाही.

तर ठरलं. अख्खी बोट करायची. घरचे आठ जण. मुलगा दर आठवड्याला फोनवर म्हणतो, आई, एकटी किती दिवस राहणार, घर बंद कर आणि आमच्याकडे चल. आज त्याला सांगून टाकलं की ही ट्रिप मी एकटीने ठरवणार, कुणी बोट लावायचं नाही. नीट पार पडली, तर घर बंद करायचा विषय कायमचा बंद. म्हणाला, आणि नाही पडली तर? म्हटलं, पडणार म्हणजे पडणारच. तो एकदम घाबरून म्हणाला, बाथरूममध्ये का? ‘पार’ हा शब्द मध्ये घालायला हवा होता.

७ जानेवारी, बुधवार.

रद्दीच्या दुकानातून बोटी चालवण्यावरचं जाड पुस्तक आणलं. पहिली पन्नास पानं नाहीत. माझं काही अडत नाही. माझी शाळाही सातवीनंतर नव्हती, म्हणून काही मी वाचायची थांबले नाही. वादळात बोट कशी सांभाळायची ते आता मला येतं. धक्क्यावरून सोडायची कशी ते त्या पन्नास पानांत असणार. तेवढं बोटवाला बघेल.

सुनेचा फोन. आई, लाइफ जॅकेट असतात ना तिथे? म्हटलं, सगळं असतं, तू फक्त ये. मुलगा मागून ओरडला, मी ऑनलाइन बुक करू का? फोन ठेवला.

११ जानेवारी, रविवार.

वन्संचा फोन. वहिनी, मी आपली धक्क्यावर बसते, तुम्ही सगळे या जाऊन. मला लिफ्टमध्येसुद्धा मळमळतं. त्यांना समजावलं की हे सगळे मनाचे खेळ असतात. पुस्तकात स्पष्ट दिलंय, नजर क्षितिजावर ठेवावी. त्या म्हणाल्या, लिफ्टमध्ये क्षितिज कुठून आणू?

भावाची आठवण काढून थोड्या रडल्या. मी नाही रडले. मला ट्रिपची कामं होती. नंतर बराच वेळ कामं कोणती ते आठवेना.

१६ जानेवारी, शुक्रवार. दुपार.

बोट ठरली. एका फोनमध्ये. कोण म्हणतं मला जमत नाही.

बोटवाला फार मन लावून बोलणारा माणूस आहे. त्याच्या मागे इंजिनाचा आवाज होता, त्यामुळे दोघंही ओरडत होतो. किती जण, कोणती तारीख, सगळं विचारलं. मग म्हणाला, कुणाला बोट लागते का? म्हटलं, म्हणजे काय, सगळ्यांना लागते. तो म्हणाला, आठही जणांना? म्हटलं, आठही जणांना, म्हणून तर अख्खी करतोय. म्हणाला, तुम्हालापण? म्हटलं, मलाच सगळ्यात जास्त. आमच्या ह्यांना तर नुसतं कॅलेंडर बघून लागली होती.

 मग त्याने विचारलं, साहेब येतायत का बरोबर? म्हटलं, नाही, ते गेले. बिचारा इतका हळवा, आवाजच बदलला. म्हणाला, बोटीत? म्हटलं, छे, घरी, झोपेत.

मग म्हणाला, ताई, तुम्ही निश्चिंत राहा, तुम्हाला मी स्पेशल बोट देतो. जरासुद्धा हलणार नाही, शब्द देतो. लिंबू आणि पिशव्या आमच्याकडून.

पिशव्या शिंपल्यांसाठी असणार. इतकी काळजी सख्खी माणसं घेत नाहीत. मुलाला मुद्दाम सविस्तर सांगितलं. तो म्हणाला, हलणार नाही म्हणजे? म्हटलं, मोठ्या बोटी हलत नाहीत, वाचत जा जरा.

२० जानेवारी, मंगळवार.

सर्व तयारी झाली. बॅग तीनदा भरली आणि तीनदा उपसली, कारण ह्यांचा स्वेटर आत होता. आधी चुकून गेला. दुसऱ्यांदाही चुकूनच. तिसऱ्यांदा म्हटलं राहू दे, समुद्रावर गार वारा असतो, कुणालाही होईल.

२३ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळ, हॉटेल.

पोहोचलो. खिडकीतून बेट दिसतं. अगदी कॅलेंडरसारखं, म्हणजे समोरून. मुलगा म्हणाला, खोल्या छान घेतल्यास गं. माझ्याशी बोलताना त्याच्या आवाजात आज पहिल्यांदाच आदर होता. निदान ती सर्दी तरी नव्हती. घराचा विषय उद्या दुपारपर्यंत संपतो.

२४ जानेवारी, शनिवार. संध्याकाळ.

जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

बोट सुंदर होती. वर रंगीत कापड, खाली गालिचा, वेताच्या खुर्च्या. प्रत्येक खुर्चीवर एक लिंबू आणि एक पिशवी. सून म्हणाली, आई, कमाल केलीत. सगळे बसले. मी पुढच्या टोकाला उभी राहिले आणि बोटवाल्याला म्हटलं, सोडा आता.

तो म्हणाला, काय?

म्हटलं, बोट. तो म्हणाला, ताई, ही सुटत नाही. ही वाढदिवसाची बोट आहे, चारही बाजूंनी बांधलेली. तुम्हीच म्हणालात ना, सगळ्यांना लागते. मी म्हटलं, लागते म्हणजे हवी असते. तो म्हणाला, आमच्याकडे लागते म्हणजे उलटी होते. आणि साहेबांना कॅलेंडर बघून लागली हे ऐकून तर मी घरी जाऊन बायकोलासुद्धा सांगितलं.

दुसरी बोट? सगळ्या गेलेल्या. शनिवार होता.

मुलगा आधी इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. मग माझ्याकडे बघून एकदम थांबला. त्याने हसायचं थांबायला नको होतं. सून म्हणाली, आई, फोटो तर फारच छान येतील. आणि खरंच आले. मागे पार्किंग आहे, पण ते कापता येतं म्हणे.

दोन तास बसलो. वन्सं म्हणाल्या, वहिनी, आयुष्यात पहिल्यांदा बोटीत मजा आली. त्यानंतर थोड्याच वेळात एक मोटरबोट जवळून गेली, आमची बोट टाचेएवढी वर आली आणि खाली गेली. वन्संना बांधलेली बोटही लागली. लिंबू आणि पिशवी कामी आली. म्हणजे व्यवस्थेत खोट नव्हती, हे नोंदवून ठेवते.

बेट समोर होतं. सगळा वेळ समोरच.

आता विचार करून लिहिते. अट होती ट्रिप नीट पार पडण्याची. बोट निघाली नाही, म्हणजे ट्रिप सुरूच झाली नाही. जी सुरू झाली नाही ती फसणार कशी? तेव्हा मी हरलेली नाही. उलट भाषेचं म्हणाल तर चूक बोटवाल्याची. त्याने ‘मळमळतं का’ असं सरळ विचारायला हवं होतं.

हे सगळं जेवताना मुलाला पटवून दिलं. तो हो म्हणाला. लगेच म्हणाला. घराचा विषय काढला नाही. माझ्या ताटात वाढत राहिला आणि पाण्याचा ग्लास माझ्या हाताशी सरकवला, आजारी माणसाच्या सरकवतात तसा.

त्याने भांडायला हवं होतं.

२५ जानेवारी, रविवार.

सकाळी सगळे उठायच्या आत मी धक्क्यावर गेले आणि तिकिटाच्या बोटीत बसले, अनोळखी माणसांत. बेटाच्या मागच्या बाजूला नुसता खडक आहे आणि त्यावर पक्ष्यांची पांढरी घाण. ह्यांना काय बघायचं होतं कोण जाणे. मी बोट वळेपर्यंत बघत राहिले. परत आल्यावर घराची दुसरी किल्ली मुलाच्या हातात दिली, अडीअडचणीला असू दे म्हटलं, आणि दुपारच्या बसने माझ्या घरी आले.