रस्त्यात कुणी नव्हतं

प्रिय माहरुख,

रोज फोनवर बोलतो तरी ही मला पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. फोनवर मी एकच गोष्ट विचारते, तू एकच उत्तर देतेस. त्यात बाकीचं बोलायचं राहूनच गेलं. आज रविवार आहे. सुहास कंपनीत पाळीवर गेलाय, सेजल शेजारी खेळतेय. मला वाईट वाटतंय म्हणून लिहितेय असं समजू नकोस. गेले काही महिने मला फारसं काही वाटतच नाही.

उमरठकडच्या शाळेवर माझी बदली झाली तेव्हा खूश झालेली तू एकटीच होतीस. महाडच्या कॉलेजात एका बाकावर बसलेल्या आपण, लग्नानंतर भेटायचो त्या ईदला, नाहीतर कुणाच्या बारशाला. आता माझी स्कूटी पोलादपूरला रोज तुझ्या दारावरून जाणार होती. नासिरभाई कुवेतला, सासूबाई आत कुराण वाचत बसलेल्या आणि तू गॅलरीत कपडे वाळत घालता घालता मला हात करायचीस. तेवढं एक वळण मला आवडायचं.

त्याच पावसाळ्यात आईचं डावं अंग गेलं. भाऊ म्हणून अरविंद कल्याणहून येऊन दोन दिवस राहिला आणि गेला. मग सकाळी उठून आईला पुसायचं, कूस बदलायची, पेज भरवायची, सेजलचा डबा करायचा, शेजारच्या काकूंच्या हाती आईला सोपवायचं आणि निघायचं. शाळेत शिकवायला मी, मुख्याध्यापक मी, वरून मागितलेली माहिती मोबाइलवर भरायलाही मीच. हे सगळे करतात, त्यात विशेष काही नाही. मी दमलेय असंही मला तेव्हा वाटलं नव्हतं.

ऑगस्टात एका सकाळी तुझं घर मागे टाकून ओढ्यावरच्या मोरीजवळ आले आणि चाकाखाली काहीतरी आलं. खड्डा होता. मला ठाऊक होतं की खड्डाच होता. थोडं पुढे गेल्यावर मनात आलं, माणूस असला तर? मागे वळून पाहिलं. पाण्याने भरलेला खड्डा. हायसं वाटलं. परत निघाले तर वाटलं, धक्का लागून तो बाजूच्या झुडपात पडला असेल, झुडपात मी बघितलंच नाही. पुन्हा वळले. छत्रीच्या टोकाने झुडूप बाजूला करून पाहिलं. शाळेत पोचले तेव्हा मुलं पायरीवर बसून होती. त्यांना पंक्चर झालं म्हणून सांगितलं.

पुढे रोजच पंक्चर होऊ लागलं. सुहासलाही तेच सांगायची. घरी आले की मडगार्डवरून हात फिरवून रक्त लागलंय का बघायची. पेपरात कुठे अपघात छापून आला की तो माझ्या वाटेवरचा आहे का, हे तपासायची. आपण करतोय ते वेडेपणाचं आहे हे मला कळत होतं, माहरुख. कळून काही उपयोग होत नव्हता. आईला ताप आला, किंवा शाळेची तपासणी लागली, की दर खड्ड्याला माणूस मरायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर मावशी येऊन आईपाशी राहिली, तेव्हा कितीतरी सकाळी मी सरळ गेले. दोन्हींचा काही संबंध असेल हे मात्र डोक्यात आलं नाही.

मग एकदा तुला फोन केला. म्हटलं, मोरीपाशी कुणी पडलंय का बघशील? का, म्हणून तू विचारलं नाहीस. चप्पल घालून खाली उतरलीस, चालत गेलीस आणि म्हणालीस, "कोन नाय गो. एक कुत्रा झोपलाय खाली. जा तू बिनघोर." त्या दिवशी मी वेळेवर पोचले. तेव्हापासून रोज फोन. अवकाळी पावसात गेलीस, रोज्यात उन्हातून गेलीस. कधी चिडली नाहीस.

मार्चमध्ये आई गेली. मी रडले नाही, हे तू पाहिलंस. त्रिशरण चालू होतं, सगळे हात जोडून बसले होते. तू माझ्या शेजारी होतीस. मी तुझ्या कानाशी वाकले तेव्हा तुला वाटलं असेल की आता ही मोकळी होईल. मी विचारलं, येताना रस्त्यात कुणी पडलेलं दिसलं का. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "नाय गो, कोन नाय." तुझा आवाज तेव्हा फाटला होता. माझा नव्हता.

मला वाटलं होतं, आईचं सरलं की हेही सरेल. रजा संपून पहिल्या दिवशी निघाले आणि मोरीवरच बसून राहिले. पुढेही जाता येईना, मागेही. तू मला घरी नेलंस, सुहासला फोन केलास. मला न विचारता केला म्हणून मी नंतर अबोला धरला होता. ते बरंच केलंस तू.

 सुहास रजा टाकून मला पनवेलला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरबाई आपल्यापेक्षा लहान आहेत. त्यांनी विचारलं, आधी कधी असं झालं होतं? मला आठवलं, बारावीच्या पेपरला मी बैठक क्रमांक इतका तपासत बसायचे की शेवटचा प्रश्न अर्धा राहायचा. सेजल झाली तेव्हा बाटल्या उकळत बसायचे. दोन्ही आपोआप थांबलं होतं. त्या म्हणाल्या, हे आत असतंच, ताण वाढला की डोकं वर काढतं. या वेळी ताण हटलाच नाही, म्हणून ते मुक्कामाला आलं. आता गोळ्या चालू आहेत, तोंड कोरडं पडतं. शिवाय बाईंनी सांगितल्याप्रमाणे सुहास मागे बसतो आणि मी स्कूटी चालवते. खड्डा आला तरी वळायचं नाही. पहिल्यांदा छाती फुटेल असं वाटलं. बऱ्याच वेळाने ती भीती आपली आपण उतरली.

बाईंनी पुढे विचारलं, अजून कुणाला विचारता? मी तुझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, मैत्रिणीचं उत्तर म्हणजेही मागे वळणंच. ते मिळत राहील तोवर हे जाणार नाही. हे तुला फोनवर सांगणं मला जमेना. फोन लावला की तोंडातून तोच प्रश्न निघतो. म्हणून हे पत्र. उद्यापासून मी एकटी शाळेत जाणार आहे. मोरी ओलांडली की तुला फोन करीन, विचारीन, कदाचित रडूनही विचारीन. तू खाली उतरू नकोस. कुणी नाही असं म्हणू नकोस. भाजी काय केलीस ते सांग, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत ते सांग, नाहीतर नुसती गप्प राहा. मी रागावले तरी ऐकू नकोस. उत्तर देऊ नकोस, माहरुख. पण फोन उचलत जा.

तुझीच,
आम्रपाली