टाकीत तेल ओततंय कोण?

१० नोव्हेंबर, भिसेगाव
अकरा मिनिटं. घड्याळ लावून. आजवर माझ्या बर्नरची ज्योत दोन मिनिटांत पिवळी पडून काजळी ओकायची. आज डिझेलच्या नळीची कॉइल आधी पुरती तापू दिली, डिझेलची वाफ झाल्यावरच बॉयलरची वाफ सोडली. दोन्ही नोझलच्या आधी डब्यात मिसळल्या आणि ज्योत निळी झाली. आवाजसुद्धा बदलला. गायकवाडांनी स्टीलचं ताट ज्योतीवर धरलं आणि उलटं करून दाखवलं. "मॅडम, जेवून घ्या यातच."

उद्या कोणी म्हणेल कल्पना माझी, म्हणून कोण कोण होतं ते लिहून ठेवते. मी. गायकवाड, खालापूरकडच्या एका कारखान्यात अठ्ठावीस वर्षं बॉयलरवर, आता निवृत्त, अनिलच्या लाँड्रीचा बॉयलर बघतात. अनिल, माझा धाकटा दीर. माथेरानच्या हॉटेलांच्या चादरी त्याच्याकडे धुवायला येतात. मागची शेड त्यानेच दिली, पण २० डिसेंबरला तिथे त्याचा नवा ड्रायर येणार. तोवर जमलं तर जमलं. बाकी कोणी नाही. पाणी भरणारी बाई दारात उभी होती, पण तिला काय कळणार. तरी लिहिलं.

एकतीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं. दुसऱ्यांनी केलेल्या गोष्टी फळ्यावर काढल्या. ही माझी स्वतःची पहिली.

१३ नोव्हें.
कालपासून मोजणी. डिझेलच्या टाकीत लाकडी पट्टी बुडवायची, ओली खूण बघायची, वहीत लिहायची. पट्टीला फक्त मी हात लावणार. रोज सकाळी, पेटवण्याआधी.

जुना बर्नर लाँड्रीचं तेवढंच पाणी तापवायला दिवसाला सहा लिटर खायचा. कालचे पट्टीवर साडेचार. दोनदा बुडवली. साडेचारच.

बंद करण्याची माझी रीत पण लिहून ठेवते, नाहीतर कोणीतरी स्वतःची म्हणून सांगेल. बंद केल्यावर गरम कॉइलमध्ये तेल राहिलं तर त्याचा कोळसा धरतो. म्हणून नोझल बंद करायचं, वाफ तीन मिनिटं चालू ठेवायची, वाफ ते तेल मागे टाकीत ढकलते. थेंब वाया नाही. टाकीची तोटीसुद्धा तळापासून चार बोटं वर घेतलीय, गाळ नळीत येऊ नये म्हणून. हे कोणत्याच पुस्तकात नाही.

१४ नोव्हें.
कडावच्या पोहे गिरणीच्या काशिनाथशेठना निरोप गेला. २७ ला बघायला येतात. त्यांनी भट्टीला घेतला तर बर्नर शेडीबाहेर पडेल. नाहीतर भंगारात.

१६ नोव्हें.
गा. साडेआठला आले, रोजच्यासारखे. चहाच्या वेळी म्हणाले, "मॅडम, वाफेला मागची वाट दाखवू नका. मधी झडप टाका, एकाच बाजूनं जाणारी. तेल राहिलं तर नोझलातनं पुढं उडवू. मागं ढकलाल तर..." मी पुढचं बोलू दिलं नाही. म्हटलं, पुढे उडवलं तर तेल वाया जाईल, बर्नर कशासाठी करतोय आपण? त्यांनी चहा संपवला.

मग म्हणाले, बर्नरच्या नकाशातला तेवढा कोपरा दाखवा, झडपेचं माप बघतो.

नकाशा कशाला हवा? माप नळीवर घेता येतं. परीक्षांना सुपरव्हिजन केलंय मी जन्मभर. पेन्सिल मागायला मागे वळणारा मुलगा कशासाठी वळतो ते कळतं. नकाशा घरी आणला, तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवला.

१८ नोव्हें.
पुन्हा साडेचार. कालही. आनंद व्हायला हवा, होत नाही. लिटरभर तेलात जितकी उष्णता आहे तितकीच आहे. वाफेने ती वाढत नाही. वाफेने जळणं सुधारतं, काजळी जाते, फार तर दहावा हिस्सा वाचावा. चौथा हिस्सा? माझ्या विद्यार्थ्याने असं उत्तर आणलं असतं तर वही परत फेकली असती.

कुठेतरी पाणी मुरतंय.

१९ नोव्हें.
आज सहज म्हणून संध्याकाळीही पट्टी बुडवली, ज्योत चालू असताना. मग गायकवाडांना बंद करायला सांगून घरी आले. सकाळी मोजणार.

२० नोव्हें.
रात्रीत तेल पाव बोट चढलं.

पुन्हा लिहिते. चढलं. कॉइलमधलं परत येतं ते जेमतेम वाटीभर, त्याने इतकं चढत नाही. कमी झालं असतं तर समजलं असतं. चोर तेल नेतो. तेल ओतून जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. शेडीच्या किल्ल्या तीन. माझी, अनिलची, गा. ची.

कशासाठी ओतावं? काशिनाथशेठपुढे बर्नर डोक्यावर घ्यायचा आणि पुढे गिरणीत गेल्यावर तोंडघशी पाडायचं? की त्याआधीच मला हवेत चढवायचं, म्हणजे मी वही उघडी टाकीन, नकाशा उघडा टाकीन?

टाकीच्या झाकणाला काळा दोरा बांधला. गाठ माझी.

२१ नोव्हें.
दोरा जसाच्या तसा. तेल चढलेलं. म्हणजे सोडून पुन्हा बांधला. अशी गाठ कोणाला जमेल? बॉयलरच्या सांध्यांत भरायचे पॅकिंगचे दोर वळण्यात ज्याचा जन्म गेला त्याला. टाकीला हात लावला तर कोमट. सकाळी आठला. शेडीत ऊन येतं म्हणा थोडं.

दुपारी खालापूरला तहसीलच्या कामाला गेले. येताना फॅब्रिकेशनच्या दुकानासमोर गायकवाड. हातात कागद. दुकानदार त्यावर बोट ठेवून काही विचारत होता, गा. हवेत हातानं आकार काढून दाखवत होते. नळी, डबा, नळी. माझा डबा! रिक्षा थांबवली नाही. 

सकाळी मला म्हणाले होते, नातीला दवाखान्यात न्यायचंय, दुपारी येत नाय.

२२ नोव्हें.
विचारलं. नाही, विचारलं नाही, सांगितलं. काल खालापूरला कोणाला काय दाखवत होतात ते मी बघितलंय, आणि टाकीत तेल कोण ओततं तेही मला कळलंय. अनिल दारात होता.

गा. काही वेळ टाकीकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "अठ्ठावीस वरसं बॉयलरवर उभा व्हतो. माझ्या पाळीत टाकीला हात लागला असं कोण बोललं नाय." किल्ली खिशातून काढली, बाकावर ठेवली. जाताना ताट पुसून जागेवर लावून गेले.

आवाज चढला असता तर बरं झालं असतं. इतकं थंड राहणारा माणूस निर्दोष नसतो. 

२३ नोव्हें.
आज बर्नर मीच बंद केला. नोझल बंद, वाफ तीन मिनिटं, सगळं रीतसर. आता बघू सकाळी.

२४ नोव्हें.
चढलं! त्यांच्याकडे दुसरी किल्ली असणार. बनवून घेतली असणार. बाजारातून नवीन कुलूप आणलं. किल्ल्या दोन, एक मला, एक अनिलला. अनिल म्हणाला, वहिनी, गायकवाडांच्या मागे बॉयलर कोण बघणार याचाही विचार करा. म्हटलं, माणसं मिळतात.

मिळत नाहीत हे दोघांनाही माहीत आहे.

२६ नोव्हें.
नवीन कुलूप, तरी चढतंय. बर्नर सकाळपासून मधूनच खोकतोय. ज्योत दबते, पुन्हा उठते. त्यांनी जाण्याआधी काहीतरी करून ठेवलं असावं. नोझल उघडून साफ केलं. स्वच्छच होतं. उद्या शेठ येणार.

२७ नोव्हें.
लिहिते कसंबसं.

काशिनाथशेठ दहाला आले, सोबत त्यांची सून, गिरणी खरं तर तीच बघते. पेटवला. निळी ज्योत, छान. सुनेनं वाकून बघितलं, म्हणाली, "आवाज चांगला हाय गं बाई." चार मिनिटांनी खोकला. पाचव्या मिनिटाला फस् करून विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. तिसऱ्यांदा काडी ओढताना माझाच धीर सुटला.

शेठ म्हणाले, होतं असं, जमलं की कळवा. सुनेनं विचारलं, तेल कुठल्या पंपावरचं? पाणी नाय ना त्यात?

ते गेल्यावर रबरी नळी टाकीच्या तळाशी सोडली, तोंडाने ओढून बादलीत धरली. डिझेल आलंच नाही. पाणी. स्वच्छ, बिनरंगी पाणी. बादली जवळजवळ भरली, बारा लिटर तरी असेल. मग कुठे तेल सुरू झालं.

बादलीशेजारी खाली बसले. रोज तीन मिनिटं वाफ मागे ढकलत होते मी. तेल टाकीत गेलं, त्याच्या पाठोपाठ वाफ गेली, गार झाली, पाणी झालं, तळाशी बसलं. तोटी चार बोटं वर, म्हणून ते नळीत आलंही नाही. पातळी मात्र रोज पाव बोट वर. टाकी कोमट लागत होती ती उन्हाने नव्हे. काल पाणी तोटीपर्यंत पोचलं म्हणून बर्नर खोकू लागला.

वाफेचं पाणी होतं. पाचवीच्या मुलाला विचारलं असतं तर सांगितलं असतं. गायकवाड सांगतच होते, मी मध्येच तोडलं.

२८ नोव्हें.
पाणी वजा करून पुन्हा मांडणी. साडेचार नव्हे, पाच आणि वर काहीतरी. म्हणजे दहावा हिस्सा वाचला असेल. किंवा पट्टीच्या खुणेची चूक असेल. नक्की सांगता येत नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरच नव्हता.

३० नोव्हें.
खालापूरच्या त्याच दुकानात गेले. नाव सांगताच दुकानदाराने फडक्यात गुंडाळलेली झडप पुढे केली. "गायकवाड बोलले व्हते, मॅडम स्वता येतील न्यायला. नात दवाखान्यात व्हती तरी मधनंच येऊन माप देऊन गेले." सोबत त्यांचा तो कागद. माझा डबा नव्हता त्यावर. टाकी, नळी, मध्ये झडप, आणि टाकीपासून कॉइलकडे जाणारा बाण. टाकीच्या तळाशी पेन्सिलीने आडव्या रेघा मारून लिहिलेलं, 'पानी'.

दुकानातून बाहेर येऊन रस्त्यावरच रडू आलं. लोक बघत होते, बघोत.

४ डिसेंबर
चार दिवस गेले धीर गोळा करण्यात. आज त्यांच्या घरी गेले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. बुद्धविहाराच्या पलीकडचं घर, दारात भाताच्या गोण्या. त्यांच्या मिसेसनी खुर्ची दिली, चहा टाकला. नात बरी आहे, अंगणात खेळत होती.

सगळं सांगितलं. बादली, पाणी, माझी तीन मिनिटं. माफी मागितली, आडवळण न घेता. गा. ऐकत होते. म्हणाले, पाणी साठणार ते दिसत व्हतं, पण तुमी शिकवणाऱ्या, म्हटलं हिशोब केला असंल.

मग म्हणाले, "कुलूप बदललं म्हणं."

हो म्हटलं.

"दुसरी किल्ली कोणाकडं हाय?"

अनिलकडे, म्हटलं.

त्यांनी मान हलवली. रागाने नाही.  मिसेस कप उचलायला आल्या आणि तशाच परत गेल्या.

तीन किल्ल्या होत्या, मी सोडून माणसं दोन. अनिलची गाठ कशी आहे ते मी मनातसुद्धा तपासून पाहिलं नाही. कुलूप बदललं त्या दिवशी दुसरी किल्ली त्याच्या हातात ठेवताना एक क्षण थांबले नाही. आपण असे नाही असं मी कायम समजत आले, कॉलेजात चौदा एप्रिलला भाषणंही केली. मला हे सांगायला त्यांना एकच प्रश्न पुरला.

तिसरी किल्ली करून नेली होती. कपाशेजारी ठेवली. त्यांनी घेतली नाही, परतही केली नाही. निघताना दारापर्यंत आले. "झडपेवर बाण हाय. उलटी बसवू नका."

७ डिसें.
झडप बसवली. बाण तीनदा बघितला. मागे ढकलणं बंद, उरलेलं तेल नोझलमधून पुढे उडवायचं. थोडं वाया जातं, जाऊ दे. ज्योत निळी. ताट स्वतःच धरलं. स्वच्छ निघालं. दाखवायला वळले तर मागे धुतलेल्या चादरींचे गठ्ठे.

९ डिसें.
पट्टी म्हणते पाच आणि थोडं वर. दोन्ही दिवस. वहीत पेन्सिलीने लिहिलंय, शाईने नाही. माझ्या एकटीच्या मोजणीवर विश्वास ठेवायला मीच तयार नाही, पट्टी दुसऱ्या कोणीतरी बुडवायला हवी. अनिल म्हणाला मी बुडवतो. नको म्हटलं. त्याला वाईट वाटलं असावं.

नकाशा तांदळाच्या डब्यातून काढून शेडीत भिंतीला लावला.

काशिनाथशेठच्या सुनेचा फोन होता, परत कधी बघायला येऊ. सांगते म्हटलं. ड्रायर २० ला येतोय, त्यात बदल नाही.

११ डिसें.
शेड आठला उघडते. झाडते, बॉयलरची वाफ बघते, टाकीला हात लावून बघते. गार असते. साडेआठपर्यंत बर्नर पेटवत नाही. ती गायकवाडांची यायची वेळ.

आज पावणेनऊला पेटवला.