आतून आलेला आवाज

३ तारीख, सोमवार
ऑफिसात ट्रेनिंग. ट्रेनर म्हणाला, ज्या कामासाठी आतून आवाज येतो तेच करा, तब्येत आपोआप सुधारते. अंगावर काटा आला. पंख्यांच्या कंपनीत तक्रारीच्या टेबलावर बसून दिवसभर फोनवर लोकांच्या पंख्यांची खरखर ऐकतो मी. स्वतःचा आवाज ऐकणार कधी? माझ्या जुन्या अ‍ॅसिडिटीचं मूळ सापडलं! उद्यापासून पहाटे मौन.

४, मंगळवार. सकाळी साडेआठ
जरा उशीर झाला. तरी बसलो. आतून आवाज आला, अगदी स्पष्ट: अहो, दूध उतू जातंय! स्वयंपाकघरातला होता. हा धरायचा नाही. मौन मोडलं नाही. दूध गेलं.

७, शुक्रवार
खरा आवाज आला! (बायको म्हणते, पोटातला.) लोकांना त्यांचं खरं काम शोधून देणं, हेच माझं खरं काम. लगेच सुरुवात. फोनवरच्या आजींना विचारलं, पंख्याचं राहू द्या, तुम्ही आतून सुखी आहात का? म्हणाल्या, पंखा फिरला तर होईन. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. कोत्या मनाचा माणूस.

१०, सोमवार
राजीनामा दिला. साहेब एकदाही 'विचार करा' म्हणाले नाहीत. भारावले असावेत. बायको बोलत नाही. मौनाचं महत्त्व तिलाही पटलेलं दिसतं.

१४, शुक्रवार
पहिला क्लायंट! मेहुणा. कापडाच्या दुकानात कंटाळलाय, झोप नाही म्हणतो. डोळे मिटून आत ऐकायला सांगितलं. घोरायला लागला. प्रगती आहे.

१८, मंगळवार
मेहुण्यानं नोकरी सोडली. माझं पहिलं यश! सासूबाईंचा फोन आला, पण मी मौनात होतो. मेहुणा बॅग घेऊन आमच्याकडेच आलाय.

२३, रविवार
दुसरा क्लायंट नाही. हॉलमधला पंखा कुरकुरत होता. पडल्या पडल्या सांगितलं, बेअरिंग गेलंय. मेहुणा थक्क. मग दिवसभर त्याला एकेक आवाज ओळखायला शिकवलं. वेळ कसा गेला कळलं नाही. अ‍ॅसिडिटीही नव्हती. योगायोग.

२८, शुक्रवार
मेहुण्याला त्याचं खरं काम सापडलं! पाया पडला, म्हणाला, दाजी, सगळी तुमची कृपा. सोमवारी रुजू. पंख्यांची कंपनी, तक्रारीचं टेबल, खिडकीजवळची खुर्ची.
माझी.

३१, सोमवार. दुपार
मौनात बसलो होतो. छातीत जळजळ. आतून आवाज आला: अहो, तो डबा विसरलाय, देऊन या.
मौन मोडलं. गेलो. मेहुणा फोनवर होता, हातानंच थांबायची खूण केली. चेहरा कसा टवटवीत. पलीकडच्याला बेअरिंग बदला म्हणून सांगत होता. बेअरिंग कसलं, पात्याचा स्क्रू ढिला! स्पीकरवरची खरखर मला दारातूनच ऐकू आली.
कोणी विचारलं नाही. डबा ठेवून आलो.